रोझमेरीची बहीण

सोलापुरात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत मी शिकवते. आमच्या मुलांना मैदान मिळाले ते ज्या बाईंमुळे, असे मी मनापासून मानते, त्यांच्याविषयी सविस्तर लिहावे हे बरेच दिवस मनात होते. युनिस केनेडी श्रायव्हर हे त्यांचे नाव. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या त्या सख्ख्या बहीण. सिनेटर झालेल्या रॉबर्ट आणि एडवर्ड यांच्याही त्या मोठ्या बहीण. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी आपल्याकडची मुले जॉन केनेडींच्या हत्येचे साल झोपेतही सांगतील, पण ‘स्पेशल ऑलिम्पिक्स’ ही बौद्धिक अक्षमता असलेल्यांची क्रीडास्पर्धा सुरू करणारी बाई त्याच घरातली, हे फारसे कोणाच्या कानावर आलेले नसते. पालकसभेत मी हे सांगते तेव्हा आधी नवल होते आणि मग कोणीतरी आई हळूच विचारते, “म्हणजे मॅडम, त्यांच्या घरीपण आपल्यासारखंच होतं का?” होते. या बाईंचे सगळे काम त्या घरातूनच निघाले.

जोसेफ आणि रोझ केनेडी यांना नऊ अपत्ये झाली. जॉन दुसरे, रोझमेरी तिसरी आणि १० जुलै १९२१ रोजी जन्मलेल्या युनिस पाचव्या. वडील अतिशय श्रीमंत आणि मुलांविषयी तितकेच महत्त्वाकांक्षी होते. आईचे वडील बोस्टनचे महापौर राहिलेले. जेवणाच्या टेबलावर राजकारण चाले, पोहणे असो वा शिडाच्या होड्यांची शर्यत असो, दुसरा क्रमांक त्या घरात कोणाच्या खिजगणतीत नसे. अशा घरात १३ सप्टेंबर १९१८ रोजी रोझमेरी जन्मली. इन्फ्लुएंझाच्या साथीचे ते दिवस होते, डॉक्टर यायला उशीर झाला आणि ते येईपर्यंत परिचारिकेने बाळंतपण रोखून धरले, असे तिच्या जन्माविषयी नोंदलेले आहे. तिचे बसणे, चालणे, बोलणे सगळेच भावंडांपेक्षा उशिरा झाले, आणि शाळेत घातल्यावर अक्षरे, आकडे यांच्यापुढे गाडी सरकेना. आमच्याकडे प्रवेशाच्या वेळी आया जी हकिकत सांगतात ती अशीच असते: “बाळ रडलं नाही लवकर”, “काचेच्या पेटीत ठेवलं होतं”, “सगळं उशिरानं आलं.” गावे आणि देश वेगळे असले तरी ही हकिकत फारशी बदलत नाही.

तरीही रोझमेरीचे तारुण्य अगदीच कोमेजलेले नव्हते. वडील ब्रिटनमध्ये अमेरिकेचे राजदूत असताना १९३८ मध्ये ती धाकट्या बहिणीबरोबर बकिंगहॅम राजवाड्यात राजाराणीपुढे सादर झाली होती. नाचायला तिला आवडे, नीटनेटके कपडे आवडत. होडीत बसवून नेणे, टेनिस खेळताना जोडीला घेणे, हे पुष्कळदा युनिस करीत. तीन वर्षांनी लहान असलेली ही बहीण मोठ्या बहिणीची सोबतीण झाली होती, आणि त्यात कोणावर उपकार करत असल्याची भावना नव्हती. अशी धाकटी भावंडे मी रोज पाहते. शाळेच्या फाटकापर्यंत दादाला किंवा ताईला आणून सोडणारी, डब्यात काय दिले आहे ते आम्हाला बजावून सांगणारी ती मुले वयाच्या मानाने फार लवकर मोठी होतात.

नोव्हेंबर १९४१ मध्ये जोसेफ केनेडींनी रोझमेरीवर मेंदूची शस्त्रक्रिया करवून घेतली. ती तेव्हा तेवीस वर्षांची होती. तिला संतापाचे झटके येऊ लागले होते, जिथे राहत होती तिथून ती रात्री बाहेर निघून जाई, आणि घराण्याच्या नावाला बट्टा लागेल अशी भीती वडिलांना होती. मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू कापणारी लोबोटॉमी ही शस्त्रक्रिया तेव्हा नवी होती आणि तिचा बराच गवगवा होता. वॉल्टर फ्रीमन आणि जेम्स वॉट्स या डॉक्टरांनी ती केली. रोझमेरीला जागे ठेवून तिच्याकडून प्रार्थना म्हणवून घेत होते, आणि तिचे बोलणे विस्कटू लागले तेव्हा हत्यार थांबवले गेले. त्यानंतर तिला धड चालता येईना, शब्द सापडेनात. रोझ केनेडींना या निर्णयाची कल्पना आधी दिलेली नव्हती. पुढे १९४९ पासून रोझमेरीला विस्कॉन्सिन राज्यातल्या जेफरसन गावी सेंट कोलेटा या संस्थेत ठेवण्यात आले. ती एका शाळेत शिकवण्याचे काम करते, असे बाहेर सांगण्यात येई.

या प्रसंगाविषयी लिहिताना मला जोसेफ केनेडींची बाजू सावरून घ्यावीशी वाटत नाही. मुलीचे भले व्हावे अशी इच्छा त्यांच्या मनात असेलही, पण तिच्या आईला न विचारता, ती जशी होती तशी तिला स्वीकारण्याऐवजी तिला ‘दुरुस्त’ करण्याची घाई त्यांनी केली, आणि त्या घाईमागे घराण्याच्या प्रतिष्ठेचा धाक होता. पैसा, ओळखी आणि उत्तमोत्तम डॉक्टर हाताशी असलेल्या माणसाने हे केले. आमच्या पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमाग कामगाराकडे यातले काहीच नसते. तरीही मुलीला मागच्या खोलीत ठेवावे, पाहुण्यांसमोर आणू नये, धाकटीचे लग्न ठरेपर्यंत तिचा विषय काढू नये, हा धाक मात्र त्याच्याही घरात असतो.

युनिस स्टॅनफर्ड विद्यापीठातून समाजशास्त्राच्या पदवीधर झाल्या. त्या घरात राजकारण मुलग्यांसाठी राखलेले होते. मुलींनी भावांच्या प्रचारासाठी चहापाने भरवावीत, मतदार बायकांशी हस्तांदोलन करावे इतकेच अपेक्षित होते, आणि युनिस यांनी तेही हिरिरीने केले. पण त्यांचा ओढा निराळा होता. न्याय खात्यात बालगुन्हेगारीच्या प्रश्नावर त्यांनी काम केले, वेस्ट व्हर्जिनियातल्या महिलांच्या तुरुंगात समाजसेविका म्हणून राहिल्या, शिकागोला बालन्यायालयाच्या कामात होत्या. १९५३ मध्ये सार्जंट श्रायव्हर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हे गृहस्थ पुढे पीस कोअर या स्वयंसेवी योजनेचे पहिले संचालक झाले. या दांपत्याला पाच मुले झाली.

युद्धात मारल्या गेलेल्या थोरल्या मुलाच्या नावाने केनेडी कुटुंबाने १९४६ मध्ये एक प्रतिष्ठान स्थापन केले होते. सुरुवातीला त्यातून प्रामुख्याने धार्मिक संस्थांना, इमारतींना देणग्या जात. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिस यांनी कारभार हाती घेतला तेव्हा पैसा नेमका कशावर खर्च करायचा, हा प्रश्न त्यांनी नव्याने विचारला. पतीबरोबर देशभर फिरून त्यांनी मतिमंदांसाठी म्हणून चालवलेल्या मोठमोठ्या संस्था पाहिल्या. एकेका दालनात दाटीवाटीने लावलेल्या खाटा, दिवसभर काही न करता बसून राहिलेली मुले, कुबट वास, हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. डॉक्टरांशी, संशोधकांशी बोलल्यावर त्यांच्या ध्यानात आले की या विषयाकडे वैद्यकशास्त्राचेच लक्ष नाही, संशोधन जवळजवळ नाही, शिक्षक तयार होत नाहीत. मग प्रतिष्ठानचा पैसा इमारतींकडून विद्यापीठांतल्या संशोधनाकडे आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे वळू लागला. देणगीदाराचे नाव भिंतीवर दिसेल अशी गोष्ट सोडून, जिचे फळ पंचवीस वर्षांनी दिसेल अशा गोष्टीवर पैसा लावणे हे सोपे नसते. मला या बाईंविषयी वाटणारा आदर इथून सुरू होतो.

जानेवारी १९६१ मध्ये भाऊ राष्ट्राध्यक्ष झाला, आणि युनिस यांनी त्याच्यामागे तगादा लावला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी बौद्धिक अक्षमतेच्या प्रश्नावर तज्ज्ञांची समिती नेमली, आणि ती नावापुरती राहू नये म्हणून युनिस तिच्या पाठीशी ठाण मांडून राहिल्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट कुक यांच्याशी त्यांचे विचार जुळत, आणि बालआरोग्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन संस्था हवी हा आग्रह दोघांनी धरला. ती संस्था १९६२ मध्ये कायद्याने स्थापन झाली. २००८ मध्ये तिला युनिस यांचेच नाव देण्यात आले. ऑक्टोबर १९६३ मध्ये दोन महत्त्वाचे कायदे झाले, त्यांतून मातांच्या व बालकांच्या आरोग्यसेवेला, संशोधन केंद्रांना आणि लोकवस्तीतल्या सेवांना सरकारी पैसा मिळाला. दुसऱ्या कायद्यावर सही झाल्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी डल्लास येथे जॉन केनेडींची हत्या झाली.

आपल्याकडे याला वशिला म्हणतात, आणि मी तो शब्द इथे अगदी विचारपूर्वक वापरते. राष्ट्राध्यक्षाच्या बहिणीने घरच्या नात्याचा उपयोग करून सरकारकडून काम करवून घेतले, हे खरेच आहे. पण ज्या मुलांना मत देता येत नाही, मोर्चा काढता येत नाही, ज्यांचे आईवडीलही लाजेपोटी पुढे येत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरे कोणी शब्द टाकणार नव्हते. युनिस यांनी आपला वशिला स्वतःच्या पदासाठी किंवा मुलांच्या नोकरीसाठी लावला असता तर आज त्यांचे नाव मी लिहिले नसते.

सोलापुरातही राजकीय घराण्यांची कमतरता नाही, आणि त्या घरांतली माणसे आमच्यासारख्या शाळांत येतात. वाढदिवसाला फळवाटप होते, खाऊ येतो, कधी ब्लँकेटे किंवा चादरी येतात. मुलांना पाहुणे आलेले आवडतात, केळी आवडतात, आम्हीही मनापासून आभार मानतो, आणि त्या येण्यामागची भावना खोटी असते असे मला म्हणायचे नाही. तरी दरवेळी वाटते की एखाद्या आमदारांच्या पत्नीने, नगरसेवकांच्या बहिणीने फळांच्या टोपलीऐवजी एक फाईल हातात घ्यावी. विशेष शिक्षकाची रिक्त जागा, मुलांना ने-आण करणाऱ्या गाडीचा खर्च, अठरा वर्षांनंतरच्या मुलांसाठी कार्यशाळेची मान्यता, यांतली एकच फाईल धरून ती टेबलामागून टेबल पुढे नेत राहावी. हे काम पैशाने होत नाही, ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांच्या चिकाटीने होते. युनिस यांनी घेतलेला मार्ग नेमका हा होता, आणि तो सोलापुरातही चालण्यासारखा आहे.

सप्टेंबर १९६२ मध्ये त्यांनी ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या मोठ्या खपाच्या नियतकालिकात एक लेख लिहिला आणि त्यात आपली बहीण रोझमेरी बौद्धिकदृष्ट्या अक्षम आहे हे उघड सांगितले. राष्ट्राध्यक्षांच्या सख्ख्या बहिणीने हे छापील मजकुरात कबूल केल्यावर हजारो घरांतल्या मागच्या खोल्यांची दारे किलकिली झाली. लेखात शस्त्रक्रियेचा उल्लेख नव्हता. ती गोष्ट जगापुढे यायला आणखी कितीतरी वर्षे जावी लागली, आणि युनिस वडिलांविषयी जाहीरपणे कठोर बोलल्या नाहीत. या मौनाबद्दल त्यांना दोष देणारे लोक आहेत. मला वाटते, वडिलांवरचे प्रेम आणि बहिणीवर झालेला अन्याय यांच्यामध्ये उभ्या असलेल्या मुलीकडून आपण सगळेच बोलणे मागू नये. तिने पुढची पन्नास वर्षे काय केले ते पाहावे.

त्याच उन्हाळ्यात, म्हणजे जून १९६२ मध्ये, मेरीलँडमधल्या आपल्या घराच्या आवारात त्यांनी शिबिर भरवले होते. निमित्त एका आईच्या फोनचे झाले. आपल्या मुलाला कोणतेच उन्हाळी शिबिर घ्यायला तयार नाही, असे ती सांगत होती. युनिस यांनी तिला मुलाला घेऊन आपल्याकडेच यायला सांगितले. पहिल्या वर्षी तीस-पस्तीस मुले आली. त्यांच्या सोबतीला हायस्कूलमधली मुलेमुली स्वयंसेवक म्हणून होती, शक्य तिथे एका मुलामागे एक. पोहण्याचा तलाव होता, घोडा होता, चेंडू होते, आणि घरची मालकीण स्वतः पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरून मुलांना हात मारायला शिकवत होती. श्रायव्हरांची स्वतःची लहान मुलेही त्यांच्यातच खेळत. ही मुले बुडतील, एकमेकांना मारतील, घाबरून रडतील, असे सांगणारे तज्ज्ञ पुष्कळ होते. मुले पोहायला शिकली. पुढे प्रतिष्ठानने ठिकठिकाणी अशी शिबिरे भरवण्यासाठी छोटी अनुदाने देऊन हा प्रयोग देशभर पसरवला.

याच सुमारास कॅनडात फ्रँक हेडन नावाचे संशोधक अशा मुलांच्या शारीरिक क्षमतेचा अभ्यास करत होते. या मुलांची ताकद आणि दम इतरांपेक्षा कमी असतो याचे कारण त्यांची अक्षमता नसून त्यांना कधी खेळूच दिले जात नाही हे आहे, असे त्यांनी दाखवून दिले. माझ्या मते विशेष शिक्षणातल्या अतिशय उपयुक्त निष्कर्षांपैकी हा एक आहे. आमच्याकडे येणारे दहा-बारा वर्षांचे मूल जिना चढताना धापा टाकते तेव्हा पालक म्हणतात, “त्याला होतच नाही.” त्याला घराच्या उंबऱ्याबाहेर कधी पळू दिलेले नसते.

शिकागोच्या उद्यान विभागात शारीरिक शिक्षण देणाऱ्या ॲन मॅकग्लोन या तरुण शिक्षिकेने अशा मुलांसाठी शहरापुरती मैदानी स्पर्धा घ्यायचे ठरवले आणि केनेडी प्रतिष्ठानकडे मदत मागितली. युनिस यांनी पंचवीस हजार डॉलर दिले, पण स्पर्धा एका शहरापुरती न ठेवता सगळ्या देशाची करा, असे सुचवले. २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड या अवाढव्य स्टेडियममध्ये अमेरिकेच्या सव्वीस राज्यांतून आणि कॅनडातून आलेले सुमारे हजार खेळाडू उतरले. प्रेक्षक अगदी थोडे होते. रॉबर्ट केनेडी यांची हत्या होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. पाच वर्षांत गोळ्यांना बळी पडलेला हा दुसरा भाऊ, आणि त्या दिवशी युनिस मैदानावर उभ्या राहून खेळाडूंना शपथ देत होत्या. ‘मला जिंकू द्या, पण जिंकता आले नाही तर प्रयत्नात मला शूर राहू द्या,’ ही ती शपथ आमची मुले आजही आपापल्या परीने म्हणतात. कोणी सगळी म्हणते, कोणी फक्त शेवटचा शब्द जोरात म्हणते.

स्पेशल ऑलिम्पिक्सची जी गोष्ट बाहेरच्या लोकांना फारशी ठाऊक नसते आणि मला सर्वांत मोलाची वाटते, ती गटांची पद्धत. दिव्यांगांच्या स्पर्धा म्हटल्या की सगळ्यांनी पळायचे आणि सगळ्यांना पदक द्यायचे, असा समज असतो. प्रत्यक्षात आधी चाचणी होते, प्रत्येकाची वेळ स्टॉपवॉचवर घेतली जाते, आणि वय, मुलगा की मुलगी, आणि चाचणीतली कामगिरी पाहून कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त आठ जणांचे गट पाडतात. पन्नास मीटर बारा सेकंदांत पळणारी मुलगी बारा-तेरा सेकंदवाल्या मुलींशी झुंजते. तेच अंतर तीस सेकंदांत कापणारी आपल्यासारख्यांबरोबर पळते. पहिल्या तिघांना पदके आणि उरलेल्यांना रिबन मिळते. गट सोपा मिळावा म्हणून चाचणीत मुद्दाम हळू पळवले, तर तेही धरले जाते: चाचणीपेक्षा अंतिम शर्यतीत पंधरा टक्क्यांहून अधिक सुधारणा दिसली तर खेळाडू बाद ठरू शकतो. म्हणजे या मुलांची शर्यत खरी असते, चुरस खरी असते आणि हरणेही खरे असते. केनेडींच्या घरात रोझमेरीला जी गोष्ट कधी मिळाली नव्हती, बरोबरीच्या माणसाशी खेळणे, ती तिच्या बहिणीने नियमावलीत बसवून जगभरच्या मुलांना दिली.

आमच्या एका विद्यार्थ्याची आई घरी बसून विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पाने आणि तंबाखू, शेजारी दोऱ्याचे रीळ, आणि उंबऱ्याला टेकून बसलेला मुलगा, असे ते घर. वळलेल्या विड्या कारखान्यात दिल्याशिवाय दिवसाची मजुरी होत नाही, त्यामुळे मुलाला शाळेत आणायची जबाबदारी कॉलेजात जाणाऱ्या बहिणीवर आहे. सरावाला मैदानावर फक्कीने रेघा मारल्या की हा मुलगा जागीच थिजायचा. पांढऱ्या रेघेवर पाय पडेल या भीतीने तो पळत नसे, आणि रांगेतून बाहेरही पडत नसे. आम्ही रेघा पुसून पाहिल्या, दोरी लावून पाहिली. एके दिवशी बहिणीने खाली बसून त्याच्या बुटाचे बंद सोडले, बोटभर फक्की घेतली आणि आधी स्वतःच्या पायाला, मग त्याच्या पायाच्या अंगठ्याला लावली. तो बराच वेळ अंगठ्याकडे पाहत राहिला. मग त्याने दुसरा पाय पुढे केला. त्या सकाळी तो अनवाणी, दोन्ही पाय पांढरे करून, पन्नास मीटर पळाला. ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाच्या सुमारास झालेल्या स्पर्धेत तो आपल्या गटात चौथा आला आणि रिबन घेऊन घरी गेला. आईने ती देवाच्या फोटोला अडकवली आहे.

विशेष मुलांना वेगळे काढून त्यांच्या वेगळ्या स्पर्धा घेणे हेच त्यांना वेगळे पाडणे नाही का, असा आक्षेप घेतला जातो. तो मला पटतो, निदान अर्धा पटतो. १९८९ पासून सुरू झालेल्या युनिफाइड स्पोर्ट्समध्ये बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघातून खेळतात. मला वाटते, आपल्या शहरातल्या साध्या शाळांनी सुरुवात करावी ती तिथून. वेगळ्या मैदानाची गरज मात्र मी नाकारणार नाही, कारण ज्याला कोणी संघात घेतच नव्हते त्याला आधी खेळायला तर शिकू द्यावे लागते.

युनिस यांच्या कामाचा वारसा घरातच पसरला. धाकटी बहीण जीन यांनी १९७४ मध्ये दिव्यांगांच्या कलाशिक्षणासाठी संस्था काढली. अँथनी या मुलाने १९८९ मध्ये ‘बेस्ट बडीज’ ही बौद्धिक अक्षमता असलेल्यांना मित्र जोडून देणारी संस्था सुरू केली. दुसरा मुलगा टिमोथी स्पेशल ऑलिम्पिक्सची धुरा सांभाळतो आहे. स्वतः युनिस यांना १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या हस्ते अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला, तोही विरोधी पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाकडून. १९९५ मध्ये त्यांची मुद्रा असलेले चांदीचे डॉलर नाणे निघाले. भारतात स्पेशल ऑलिम्पिक्स भारत ही संस्था हे काम पाहते, आणि २०२३ च्या बर्लिन येथील जागतिक स्पर्धेतून आपले खेळाडू २०२ पदके घेऊन आले. त्या यशाला वर्तमानपत्रात जेवढी जागा मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाही, याची मला खंत आहे.

या सन्मानांहून मला महत्त्वाची वाटते ती एक घरगुती गोष्ट. डिसेंबर १९६१ मध्ये जोसेफ केनेडींना पक्षाघात झाला, त्यांची वाचा गेली, आणि त्यानंतर हळूहळू रोझमेरीची गाठभेट घरच्यांशी पुन्हा सुरू झाली. युनिस तिला आपल्या घरी आणत, पोहायला नेत, चर्चला नेत, मुलांमध्ये बसवत. श्रायव्हरांची मुले आपल्या या मावशीच्या सहवासात वाढली, आणि पुढे त्यांच्यातल्या बहुतेकांनी या ना त्या रूपाने हेच काम का घेतले याचे उत्तर मला त्यात दिसते. रोझमेरी ७ जानेवारी २००५ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी वारली, आणि अखेरच्या क्षणी भावंडे तिच्याजवळ होती. युनिस यांचे निधन ११ ऑगस्ट २००९ रोजी झाले.

आमच्याकडच्या आया एक प्रश्न फिरूनफिरून विचारतात: “मॅडम, आमच्यानंतर ह्याचं कसं?” शासनाने त्याचे अर्धेमुर्धे उत्तर दिलेले आहे आणि ते पालकांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून इथे लिहिते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती तो नेमते, आणि आईवडिलांप्रमाणे भावाबहिणीलाही हा अर्ज करता येतो. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविम्याचे संरक्षण मिळते. खेळाबाबतही सांगते: स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये स्पर्धेला किमान वय आठ वर्षे लागते आणि वयाला वरची मर्यादा नाही, त्यामुळे शाळा सुटलेल्या, तिशी-चाळिशीतल्या मुलामुलींनाही मैदानावर घेऊन या. पालकसभेला यापुढे आईवडिलांच्या बरोबरीने भावंडांनाही बोलवायचे, असे आम्ही शिक्षकांनी ठरवले आहे. सभा रविवारी ठेवतो आहोत, म्हणजे कॉलेज किंवा कारखान्याची सुट्टी टाकावी लागणार नाही.